पोकळ्या मिटाव्यात, कण वाढू नयेत

झिर्कोनियाच्या या पांढऱ्या पावडरीतला एकेक स्फटिक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान. ती मोजून ग्रॅफाइटच्या साच्यात भरतात. आतून ग्रॅफाइटचाच पातळ कागद लावायचा, नाहीतर वडी साच्याला चिकटून बसते. वर-खाली दोन दट्टे, बाहेरून उष्णता धरून ठेवणारे वेष्टण आणि त्याला एक भोक. पायरोमीटर तिथूनच तापमान वाचतो.

स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगच्या, म्हणजे पावडर न वितळवता तापवून घट्ट करण्याच्या, यंत्रात साचा बसला, हवा ओढून घेतली, दाब चढला की वीज सुरू होते. व्होल्ट थोडेच, पण अँपिअर भरपूर. साचा स्वतःच तापतो, मिनिटाला 100 अंश सेल्सिअस या वेगाने. साध्या भट्टीत 5-10 अंशांवर समाधान मानावे लागते.

आता बघायची ती पडद्यावरची एक रेघ : दट्टा किती सरकला. आधी ती किंचित उलटी जाते, कारण तापून सगळेच प्रसरण पावत असते. मग दट्टा खाली धावू लागतो. 1200 अंशांच्या सुमारास रेघ आडवी होते आणि पाचेक मिनिटांत वीज बंद करतात. इथे रेंगाळून चालत नाही. ज्या उष्णतेने पोकळ्या मिटतात, तीच मोठ्या कणांना शेजारचे लहान कण गिळायला लावते. पोकळ्या असतात तोवर कणांच्या सीमा अडून राहतात. त्या मिटल्या की सीमांना रान मोकळे.

बाहेर येते ती काळपट वडी. घासून, हवेत पुन्हा तापवली की रंग उजळतो. पाण्यात तोलून घनता काढायची. घन सेंटिमीटरला 6.1 ग्रॅमच्या जवळ आली तर काम फत्ते. साध्या भट्टीत कण अर्ध्या मायक्रॉनच्या घरात जातात; इथे ते निम्म्याहूनही लहान राहतात.

यंत्र महागडे आहे, म्हणून संशोधक आय-वेई चेन आणि शियाओहुई वांग यांची साध्या भट्टीतली युक्ती अधिक हुशारीची वाटते. त्यांनी 2000 साली ‘नेचर’मध्ये ती मांडली. आधी चढे तापमान गाठायचे, लगेच खाली आणायचे आणि तिथे तासन्‌तास थांबायचे. त्या खालच्या तापमानाला कणांच्या सीमा जागच्या हलत नाहीत, पण त्यांच्यामधून अणूंची ये-जा चालू राहते, आणि पोकळ्या तेवढ्यावरच बुजतात. 2439 अंशांना वितळणारे इट्रिया हे सिरॅमिक त्यांनी सुमारे 1000 अंशांना, दाबाशिवाय, पूर्ण घट्ट केले. कण 60 नॅनोमीटरचे.

साच्याच्या यंत्राची आणखी एक अडचण : त्यातून बहुधा साध्या चकत्याच निघतात, त्याही एका वेळी एखादीच. दाताची झिर्कोनियाची कॅप वेड्यावाकड्या आकाराची, प्रत्येकाची वेगळी. तिच्यासाठी डेंटल लॅबमध्ये साधी भट्टीच लावतात, 1450 ते 1550 अंशांची.