तापण्याची वेळ : ट्रॅकवरील इंजिनाचे निदान

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच यांत्रिक कामासाठी उपयोगी पडतो. जवळपास तेवढाच भाग एक्झॉस्टवाटे निघून जातो आणि उरलेल्या उष्णतेचा बराचसा भार शीतकरण व्यवस्थेवर येतो. इंजिनाच्या पोटातून फिरणारे कूलंट, त्याला ढकलणारा वॉटर पंप, ठरावीक तापमानाला रेडिएटरची वाट मोकळी करणारा थर्मोस्टॅट आणि ती उष्णता हवेला देऊन टाकणारा रेडिएटर, अशी ही साखळी असते. रस्त्यावर इंजिन पूर्ण शक्तीने काही सेकंदच चालते. शर्यतीच्या ट्रॅकवर मात्र ते प्रत्येक फेरीचा मोठा भाग तसेच चालते, त्यामुळे रस्त्यावर वर्षभर दडून राहिलेला दोष तेथे तिसऱ्या-चौथ्या फेरीतच उघडा पडतो. म्हणून कोणताही भाग बदलण्याआधी गाडी केव्हा, कोणत्या वेगात आणि किती वेळाने तापते, याची नोंद करणे हाच निदानाचा पाया मानावा लागतो.

ही नोंद करण्याची सोय गोव्यातील तेरेखोलच्या परिसरातील वाहनधारकाला घराजवळच आहे. पेडण्यातील केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी लागलेल्या रांगेत इंजिन चालू ठेवले की रेडिएटरला केवळ पंख्याचाच वारा मिळतो; पेडण्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर वेगामुळे हवा आपोआप मिळते; आणि डिचोली-साखळीकडून सत्तरीतील केरीमार्गे समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या चोर्ला घाटाकडे चढताना वेग कमी पण भार जास्त, अशी कठीण स्थिती येते. प्रत्यक्ष ट्रॅकवर जायचे तर चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा १९९० पासूनचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, तर कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे. चोर्ला घाटातून बेळगावमार्गे तिकडे गाडी नेणाऱ्यासाठी ही चढण म्हणजे ट्रॅकआधीची पहिली परीक्षाच ठरते.

या निरीक्षणातून दोषाची दिशा बरीच स्पष्ट होते. रांगेत तापणारी आणि धावू लागताच निवणारी गाडी बहुधा पंखा, त्याचा रिले, फ्यूज किंवा तापमानाचा सेन्सर यांच्याकडे बोट दाखवते. याउलट संथ चालताना ठीक असणारी, पण सतत वेगात तापत जाणारी गाडी रेडिएटरच्या अडलेल्या नळ्या, पंपाची झिजलेली पाती, घसरणारा पट्टा किंवा पंपाच्या ओढीने चेपणारी खालची रबरी नळी यांची शंका निर्माण करते. गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा झपाट्याने चढत असेल आणि वरची नळी कढत असूनही खालची गारच राहत असेल, तर बंद स्थितीत अडकलेला थर्मोस्टॅट आधी तपासावा लागतो.

निदानासाठी डॅशबोर्डवरील काट्यावर विसंबून चालत नाही, कारण अनेक आधुनिक गाड्यांत तो बऱ्याच मोठ्या तापमान-टप्प्यात मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. गाडीतील निदानासाठीच्या ओबीडी जोडणीला लावलेल्या छोट्या उपकरणातून मिळणारा आकडा अधिक उपयोगाचा ठरतो, आणि त्याच्या जोडीला रेडिएटरमध्ये येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या नळीचे तापमान मोजावे लागते. इंजिन तापलेले असताना या दोन तापमानांतील फरक फारच थोडा असेल, तर रेडिएटर हवेला उष्णता देत नाही असे समजावे. फरक मोठा असेल, तर कूलंटचा प्रवाह मंदावला आहे असे मानावे. इन्फ्रारेड तापमापक चकचकीत ॲल्युमिनियमवर चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून मोजायच्या जागी काळी चिकटपट्टी लावणे इष्ट असते.

हवेच्या वाटेतील अडथळा गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे. डिचोलीच्या खाणपट्ट्यातील तांबडी धूळ एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत साचते आणि समोरून पाहणाऱ्याला जाळी स्वच्छच दिसते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या झिजून नळ्यांपासून सुटतात. त्यातच रेडिएटरच्या कडेच्या फटी उघड्या राहिल्या किंवा गाडीखालचे आवरण काढून टाकले, तर वेगाने येणारी हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी बाजूने निसटते. बॉनेटची मागची कड उचलून ठेवण्याचा उपायही अनेकदा उलटतो, कारण पुढच्या काचेच्या पायथ्याशी वेगात हवेचा दाब वाढतो आणि गरम हवा बाहेर पडण्यास अडथळा होतो.

रेडिएटरचे झाकण हा स्वस्त, पण निर्णायक भाग आहे. सुमारे १ बार अतिरिक्त दाब धरणाऱ्या झाकणाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. झाकण सैल झाले की ही सवलत संपते, वाफेचे बुडबुडे होतात आणि वेगाने फिरणाऱ्या पंपाला द्रवाऐवजी वाफ ढकलावी लागते. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये, हा नियमही याच दाबामुळे आहे.

यानंतरही ताप उतरत नसेल, तर हेड गॅस्केटकडे वळावे लागते. सिलिंडरमधील जळालेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल, तर नळ्या लवकर ताठ होतात, टाकीत सतत बुडबुडे येतात, आणि तपासणीच्या निळ्या द्रवातून टाकीतली हवा सोडल्यास तो पिवळा पडतो. वेगवेगळ्या सिलिंडरांत हवा भरून गळती मोजणारी चाचणी दोष कोणत्या सिलिंडरात आहे तेही सांगते. वेळ चुकलेली ठिणगी किंवा इंधन कमी असलेले मिश्रणही उष्णता वाढवते; म्हणून शीतकरण निर्दोष आढळल्यास इंजिनाची जुळणी तपासणे आवश्यक असते. तेलाचे तापमान वेगळे मोजावे, कारण पिस्टनची बरीच उष्णता तेलच वाहून नेते, आणि ते दीर्घकाळ १३० अंशांच्या वर राहिले तर बेअरिंग धोक्यात येतात.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा रूढ उपाय फसवा आहे. बायपास असलेल्या अनेक इंजिनांत त्यामुळे काही कूलंट रेडिएटर टाळून परत इंजिनातच फिरते. एका वेळी एकच बदल करून तीच चढण किंवा तितक्याच फेऱ्या पुन्हा घेणे, शेवटची फेरी संथ घेऊन इंजिन निववणे आणि प्रत्येक आकडा वहीत उतरवणे, हीच खात्रीची पद्धत होय. तिचे महत्त्व इंजिन वाचवण्यापुरते मर्यादित नाही. ट्रॅकवर सांडलेले ग्लायकॉलयुक्त कूलंट डांबर निसरडे करते, म्हणून अनेक शर्यतींत त्याला मनाईच असते आणि साध्या पाण्यात गंजरोधक मिसळून काम भागवले जाते. तेव्हा तापलेल्या गाडीचा आकडा वाचून वेळीच मार्ग सोडणारा चालक मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या सुरक्षिततेची जबाबदारी पार पाडत असतो.