शून्य व्होल्ट खरेच शून्य असते का?

डोंबिवलीतील एका शाळेच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी मॉड्युलर सिंथेसायझर बांधायला घेतला. हे वाद्य सुट्या खंडांचे असते. एक खंड स्वर निर्माण करतो, दुसरा त्याचा पोत बदलतो, तिसरा स्वरांचा क्रम लावतो. खंड एकमेकांना वायरींनी हवे तसे जोडायचे. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी 1964 साली असे वाद्य तयार केले. त्यांचा एक संच 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही आला. मुलांचा संच अर्थातच छोटा होता. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरचे, पेटी प्लायवुडची.

वाद्य वाजले, पण बेसूर! ठेक्याबरोबर लागणारे दहा एलईडी दिवे लागले की स्वर उतरे, विझले की पुन्हा जागेवर येई. स्वर निर्माण करणारा दोलक एका मुलीने जोडला होता. तिचेच सोल्डरिंग कच्चे, असे सर्वांनी ठरवून टाकले. मला विचारले, तेव्हा मीही न तपासता आयसी बदलायला सांगितली. तिने ती दोनदा बदलली. फरक पडला नाही. दोष तिच्या कामात नव्हताच. तो वीज वाटणाऱ्या तारेत होता.

तो कसा, हे पाहू. अशा वाद्याला तीन तारांनी वीज देतात: अधिक 12 व्होल्ट, उणे 12 व्होल्ट आणि शून्य. शून्याची तार दुहेरी काम करते. दिव्यांतून आलेली धारा तिच्यातूनच पॉवर सप्लायकडे परत जाते. आणि प्रत्येक खंड आपले व्होल्टेज मोजतो तेही तिच्यापासूनच.

स्वर ठरतो तो व्होल्टेजने. 1 व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जातो. सप्तकात बारा अर्धस्वर, म्हणून एका अर्धस्वराच्या वाट्याला सुमारे 83 मिलिव्होल्ट येतात.

मुलांनी चपट्या रिबन केबलने सर्व खंड एकामागून एक जोडले होते. दिवे आणि दोलक शेवटच्या टोकाला, स्वरक्रमाचा खंड पॉवर सप्लायजवळ. या केबलमधील एका बारीक तारेचा रोध मीटरला सुमारे 0.22 ओहम असतो. अर्ध्या मीटरचा झाला 0.11 ओहम. प्रत्येक दिवा 20 मिलिअँपिअर घेई, म्हणजे दहा दिव्यांची धारा 0.2 अँपिअर. आता ओहमचा नियम लावा: 0.2 गुणिले 0.11, म्हणजे 0.022 व्होल्ट. दिवे लागताच दोलकाजवळचे 'शून्य' 22 मिलिव्होल्ट वर चढे. त्यामुळे दोलकाला येणारे व्होल्टेज तेवढेच कमी भासे आणि स्वर पाव अर्धस्वराने उतरे. गाणाऱ्याच्या कानाला एवढा फरक सहज कळतो.

असाच प्रश्न ठाणे-कल्याण मार्गावरच्या लोकलचाही होता. तिला पूर्वी 1500 व्होल्ट एकदिश वीज मिळे. समजा, गाडीला 15 लाख वॅट हवेत. तर धारा 1000 अँपिअर! ती रुळांतून परत जाते, आणि रुळांनाही रोध असतोच. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रे लागत. मुंबईचे सर्व उपनगरी मार्ग 2016 पर्यंत 25,000 व्होल्ट प्रत्यावर्ती विजेवर आले. आता तेवढ्याच शक्तीला साधारण 60 अँपिअर पुरतात.

वाद्यात व्होल्टेज वाढवता येत नाही. मग तारेचा रोध कमी करायचा. आम्ही शून्यासाठी घरगुती वायरिंगची 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली. ती जवळजवळ तीसपट जाड असल्याने 22 मिलिव्होल्टची घट 1 मिलिव्होल्टच्याही खाली आली. शिवाय दिव्यांची परतीची तार वेगळी काढून थेट पॉवर सप्लायला जोडली. दिव्यांची धारा दोलकाच्या वाटेने जाणे थांबले आणि स्वर स्थिर झाला.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन सेल आणि टॉर्चचा बल्ब घ्या. परतीसाठी मीटरभर बारीक तार वापरा. मल्टिमीटर 200 मिलिव्होल्टवर ठेवून त्याच तारेची दोन टोके तपासा. बल्ब बंद असताना शून्य. लागला की काही दशक मिलिव्होल्ट दिसतील. तार दुहेरी केली तर काय होईल, हे मुलांना आधी ओळखू द्या. प्रयोग सेलवरच करावा. घरातल्या 230 व्होल्टच्या विजेवर मुळीच नको.

आकृतीत शून्याची रेघ काढताना आपण तिचा रोध विसरतो. प्रत्यक्षातली तार तो विसरत नाही. यंत्र बिघडले की आधी मोजावे, मग दोष द्यावा. हे मी त्या मुलीकडून शिकलो: तिसरी आयसी बसवण्याऐवजी तिनेच मल्टिमीटरची टोके शून्याच्या तारेला लावली होती.