38 एमबीचा प्रोग्रॅम, 200 केबीचं अपडेट

सेकंड इयरच्या मिनी प्रोजेक्टमध्ये आम्ही एका खेड्यातल्या शाळेसाठी हजेरी आणि पोषण आहाराचा हिशोब ठेवणारा प्रोग्रॅम बनवला. साईझ 38 एमबी. शाळेत रेंज येते ती फक्त गच्चीवर, तीही सरांच्या मोबाईलला. आम्ही दोन ओळी बदलणार आणि सरांनी परत 38 एमबी उतरवून घ्यायचे? सर सोशिक, पण किती अंत पाहायचा! म्हणून मी फक्त फरक पाठवायच्या मागे लागले. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

सोर्स कोडचा फरक काढणं सोपं. युनिक्सचं डिफ 1974 पासून ओळीला ओळ लावून बघतंय. पण कंपाईल झालेल्या फाईलमध्ये ओळी कुठल्या? आणि दोन ओळी बदलल्या तरी ती हजारो ठिकाणी बदललेली दिसते. का? आपलं जर्नल घ्या. त्यात जागोजागी 'पान 40 पहा', 'पान 57 पहा' लिहिलंय. मध्येच दोन पानं घुसवली, की पुढच्या पानांची प्रत्येक नोंद 2 ने चुकते. प्रोग्रॅममधले ॲड्रेस म्हणजे अशाच नोंदी.

कॉलिन पर्सिव्हल यांच्या 2003 च्या बीएसडिफमध्ये यावर मस्त युक्ती आहे. दोन्ही फाईलींतले जुळणारे तुकडे शोधायचे, ते पुढेमागे वाढवायचे, थोडंफार जुळलं नाही तरी चालेल. मग नव्या बाईटमधून जुना बाईट सरळ वजा करायचा. जुळलं तिथे 0, ॲड्रेस सरकला तिथे बहुतेक वेळा तोच तो आकडा. अशी शून्यांची माळ बीझिप2 चेपून चिमूटभर करतं.

गूगलने 2009 मध्ये क्रोमसाठी कूर्जेट काढलं. ते जणू पान नंबरच्या जागी धड्याचं नाव लिहितं. पानं सरकली तरी नोंद तीच. त्यांच्याच एका उदाहरणात पूर्ण अपडेट 1,03,85,920 बाईट, बीएसडिफने 7,04,512 आणि कूर्जेटने फक्त 78,848!

आमचं काम बीएसडिफने भागलं. पॅच साधारण 200 केबीचा झाला. तो बनवताना जुन्या फाईलच्या सतरापट मेमरी लागते, पण ते ओझं माझ्या लॅपटॉपवर. शाळेच्या म्हाताऱ्या पीसीला जुनी आणि नवी फाईल मावेल एवढीच मेमरी पुरते. एक मात्र लक्षात ठेवा, झिप केलेल्या फाईलींचा फरक काढू नका. आत एक अक्षर बदललं तरी तिथून पुढचं सगळंच बदलू शकतं. आधी उघडा, मग फरक काढा.

आता माझा पराक्रम. 1.3 वरून 1.4 वर नेणारा पॅच मी पाठवला, पण मधलं एक अपडेट राहून गेल्यामुळे शाळेत 1.2 च होतं. पॅच लावणारं बीएसपॅच जुनी फाईल बरोबर आहे का हे तपासतच नाही. त्याने निमूटपणे बरोबर साईझची, पण कचरा भरलेली फाईल बनवली, आणि माझ्या स्क्रिप्टने ती जुनीवर लिहून टाकली. प्रोग्रॅम उघडेना, महिनाअखेरचा आहाराचा रिपोर्ट अडकला. शेवटी पेन ड्राईव्ह घेऊन मी दोन एस्ट्या बदलून गेले. सर एका शब्दाने बोलले नाहीत, उलट चहा पाजला. त्यानेच जास्त लाज वाटली.

आता पॅचबरोबर दोन्ही फाईलींचे एसएचए-256 आकडे जातात. जुनीचा जुळला तरच पॅच लागतो. नवी फाईल वेगळ्या नावाने बनते, तिचाही आकडा जुळला की मगच नावं बदलतात. आणि आधीचं व्हर्जन मी तिथल्या डिस्कवरून काढत नाही.