आपणांस सवड आहे काय? इंग्रजी विचारणेची रीत

व्यापारात मालाचा भाव ठरविता येतो, हमालीचा दर ठरविता येतो, व्याजाचाही आकडा ठरविता येतो. परंतु समोरच्या माणसाच्या वेळेचा भाव आपणांस ठरविता येत नाही. तो वेळ त्याचा असतो आणि तो मागून घ्यावा लागतो. आपल्या मातृभाषेत हे मागणे कसे करावे हे घरातील वडीलधारी माणसे न शिकविताच शिकवून जातात. अडचण उभी राहते ती परक्या भाषेत. इंग्रजीत मोठमोठे व्यवहार बिनचूक करणारा गृहस्थ ‘आपण भेटू शकाल काय?’ एवढे साधे वाक्य लिहावयाचे आले की थबकतो. आणि घाईने लिहिले तर ते एकतर हुकुमासारखे होते किंवा याचनेसारखे. या लहानशा वाटणाऱ्या परंतु नित्य उपयोगी पडणाऱ्या विषयाचा थोडा विचार व्यापारीबंधूंपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे.

बालाघाट आणि इंग्रजी पत्रव्यवहार

आपला जिल्हा १८६७ साली अस्तित्वात आला. मध्यप्रांताच्या काळात येथील खेड्यांची बोली एक, कचेरीची भाषा दुसरी आणि खाणीच्या साहेबाची तिसरी, अशी स्थिती होती. मँगनीजच्या खाणी चालविणारी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी ही इंग्लंडात नोंदलेली कंपनी होती. साहजिकच तिचा कारभार इंग्रजीत चाले. १९६२ साली तिच्या जागी मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड ही संस्था आली. तीच आजची मॉईल होय. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. भरवेली, उकवा, तिरोडी ही नावे आजही तिच्याच खाणींची आहेत. पुढे मलाजखंडच्या तांब्यामुळे कोलकात्याच्या हिंदुस्तान कॉपरशी संबंध जडला. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून दूरदूरच्या खरेदीदारांच्या विचारणा येण्याचा मार्गही मोकळा झाला.

आजही आपल्यापैकी अनेकांच्या घरी मारवाडी, गुजराती वा बुंदेली, पेढीवर हिंदी, गिऱ्हाइकाशी पोवारी किंवा मराठी, आणि गोंदियाच्या बाजूने येणाऱ्या माणसाशी शुद्ध मराठी असा व्यवहार चालतो. या चार-पाच बोलींत सहज वावरणाऱ्या माणसाला इंग्रजी अवघड जाऊ नये. ती अवघड जाते याचे कारण शब्दांची उणीव हे नसून प्रत्येक भाषेची विचारण्याची रीत निराळी असते, हे आहे.

‘सवड’ आणि ‘फ्री’

मराठीत आपण ‘सवड आहे का?’ असे विचारतो. ‘सवड’ या शब्दात मोकळी जागा आणि मोकळा वेळ हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. परंतु ‘आपण रिकामे आहात का?’ असे वडील माणसाला विचारून पाहा! ‘रिकामा’ म्हणजे ज्याला काही उद्योग नाही तो. आणि व्यापाऱ्याला उद्योग नाही असे म्हणण्यासारखा दुसरा अपमान नाही. इंग्रजीतील ‘आर यू फ्री?’ या वाक्यात हा दंश नाही; तेथे ‘फ्री’ म्हणजे मोकळा, बांधलेला नसलेला. तथापि हे वाक्य बरोबरीच्या माणसासाठी आहे. बँकेच्या व्यवस्थापकाला किंवा प्रथमच पत्र लिहीत असलेल्या खरेदीदाराला ते एकदम सलगीचे वाटते.

‘अव्हेलेबल’ या शब्दाचे मूळ मोठे उद्बोधक आहे. लॅटिनमधील समर्थ असणे, मोल असणे या अर्थाच्या धातूपासून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. आरंभी त्याचा अर्थ ‘उपयोगी पडणारा, लागू होणारा’ असा होता. मोकळ्या असलेल्या माणसाला तो पुष्कळ नंतर लावला जाऊ लागला. म्हणूनच तो मालालाही चालतो आणि माणसालाही: ‘स्टॉक अव्हेलेबल’ आणि ‘मॅनेजर अव्हेलेबल’. परंतु माणसाविषयी विचारताना त्याला दिवसाची वा कामाची जोड द्यावी. नुसते ‘आर यू अव्हेलेबल?’ हे वाक्य अनौपचारिक बोलण्यात ‘तुमचे लग्न ठरलेले नाही ना?’ अशा अर्थानेही घेतले जाते. ‘वुड यू बी अव्हेलेबल ऑन ट्यूसडे?’ असे म्हटले की हा धोका उरत नाही.

विचारणेच्या पायऱ्या

इंग्रजीत आदरार्थी ‘आपण’ नाही. थोरामोठ्यांना आणि लहानांना एकच ‘यू’. मग आदर ठेवावयाचा कोठे? तो क्रियापदात ठेवला जातो. मराठीत आपण सर्वनाम बदलतो, इंग्रज क्रियापदाचे रूप बदलतो. ‘विल’च्या ठिकाणी ‘वुड’, ‘कॅन’च्या ठिकाणी ‘कुड’, ‘मे’च्या ठिकाणी ‘माइट’ आले की वाक्य एक पायरी नम्र होते.

पहिली पायरी घरातल्या वा मित्राच्या बोलण्याची: ‘आर यू फ्री धिस ईव्हनिंग?’ दुसरी पायरी नेहमीच्या व्यावसायिक ओळखीची: ‘वुड ट्यूसडे ॲट इलेव्हन सूट यू?’ येथे आपण माणसाविषयी न विचारता मंगळवारविषयी विचारतो. तो दिवस जमणारा नसेल तर नकार मंगळवारला मिळतो, आपणांस नव्हे. तिसरी पायरी थोरांसाठी: ‘वुड इट बी कन्व्हीनियंट इफ आय कॉल्ड ऑन यू ॲट फोर?’ चौथी पायरी सर्वांत मृदू: ‘आय वॉज वंडरिंग व्हेदर यू माइट बी फ्री ऑन फ्रायडे.’

या चौथ्या वाक्यात भूतकाळ का यावा, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडतो; विचारणे तर आताच चालले आहे. परंतु आपणही हेच करतो. शेटजींच्या गादीजवळ जाऊन आपण म्हणतो, ‘जरा बोलायचं होतं.’ बोलावयाचे आता आहे, क्रियापद मात्र ‘होतं’. इच्छा जणू मागेच होऊन गेली, आता आपली मर्जी, असा त्यातील भाव. ज्या मुलाला हे मराठी वाक्य कळते त्याला ते इंग्रजी वाक्य निराळे शिकवावे लागत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना आपल्या भाषेच्या शेजारी इंग्रजी ठेवूनच ती शिकविली. तोच मार्ग येथेही सोपा पडतो.

एके ठिकाणी मात्र आपली मराठी आपणांस फसविते. मराठीत सवड ‘आपणांस’ असते, गोष्ट ‘आपणांस’ सोयीची असते. इंग्रजीत कोणी ‘आर यू कन्व्हीनियंट?’ असे लिहून बसतो. हे चुकीचे आहे. सोयीची वेळ असते, माणूस नव्हे. ‘इज इट कन्व्हीनियंट फॉर यू?’ हेच शुद्ध होय. तसेच ‘डू यू हॅव टाइम?’ म्हणजे सवड आहे का. पण मध्ये ‘द’ आला आणि ‘डू यू हॅव द टाइम?’ झाले, तर समोरचा मनुष्य घड्याळ पाहून किती वाजले ते सांगेल.

जपून वापरावयाचे शब्द

आपल्या पेढ्यांवर ‘युवर गुड सेल्फ’, ‘काइंडली डू द नीडफुल’ असे शब्द वर्षानुवर्षे चालत आले आहेत. हे शब्द अशुद्ध नव्हेत. एके काळी इंग्रजांच्याच पत्रांत ते होते. आता ते आपल्याकडे राहिले आणि तिकडे मागे पडले. परदेशी वाचकाला पहिला शब्द फार वाकून केलेल्या मुजऱ्यासारखा वाटतो, आणि ‘काइंडली’ने आरंभ होणारे वाक्य त्याच्या कानाला पुष्कळदा सूचनाफलकावरील आज्ञेसारखे लागते. ‘आउट ऑफ स्टेशन’ हा शब्दप्रयोग साहेबाच्या नेमणुकीच्या ठिकाणाला ‘स्टेशन’ म्हणत त्या काळचा. बाहेरच्या देशात ‘आउट ऑफ टाउन’ म्हणावे. ‘प्रीपोन’ हा आपल्याकडे रूढ झालेला शब्द सोयीचा खरा, परंतु अन्यत्र तो कळेलच असे नाही. तेथे ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहावे. ‘फर्स्ट हाफ’, ‘सेकंड हाफ’ यांऐवजी ‘मॉर्निंग’, ‘आफ्टरनून’ हे निःसंदिग्ध.

‘ॲट युवर कन्व्हीनियन्स’ आणि ‘ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’ यांतही अंतर आहे. पहिल्यात घाई नाही. दुसऱ्यात सोय आपली असली तरी ती लवकरात लवकर करावी असा तगादा आहे. थकलेल्या रकमेच्या पत्रात तो शोभतो, भेटीच्या विनंतीत शोभत नाही.

परदेशाशी व्यवहार करणाऱ्याने वेळ लिहिताना ती कोठली हेही लिहावे. बालाघाटात सकाळचे १० वाजतात तेव्हा लंडनला हिवाळ्यात पहाटेचे ४.३० आणि उन्हाळ्यात ५.३० वाजलेले असतात. ‘टुमॉरो ॲट टेन’ एवढेच लिहिणारा माणूस नम्र असूनही गैरसोयीचा ठरतो. तारीख लिहितानाही महिन्याचे नाव अक्षरी घालावे. ‘५/६’ हा आकडा अमेरिकन वाचक ६ मे असा वाचील.

तार, ट्रंक कॉल आणि आजचा फोन

दुसऱ्याच्या वेळेची कदर साधनांनीही आपणांस शिकविली होती. जबाबी कार्ड पाठविणारा उत्तराचा खर्च स्वतः सोशीत असे. जबाबी तारेचेही तसेच. विचारणारा मी, तेव्हा उत्तराचा भार तुमच्यावर नको, हा त्यातील अर्थ. तारेत मात्र प्रत्येक शब्दाला दाम पडे, म्हणून नम्रतेचे शब्द गळून पडत आणि त्यात कोणी अपमान मानीत नसे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

ट्रंक कॉलच्या दिवसांत एक खास सोय होती. ठराविक माणसाशीच बोलावयाचे असेल तर ‘पर्टिक्युलर पर्सन’, म्हणजे पी. पी. कॉल नोंदवीत. थोडा अधिक आकार पडे. परंतु तो माणूस जागेवर नसला तर पूर्ण संभाषणाचा आकार वाचे. ‘शेटजी आहेत काय?’ हा प्रश्न आपल्या वतीने ऑपरेटर विचारी. १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान देशातील पहिली एस. टी. डी. सेवा सुरू झाली, आणि हळूहळू तो मध्यस्थ नाहीसा झाला. १९९५ साली भ्रमणध्वनी आला. आता कोणालाही कोणत्याही क्षणी गाठता येते. म्हणूनच विचारून घेण्याची गरज अधिक झाली आहे.

फोन उचलला जाताच ‘जय जिनेंद्र’ म्हणून आपण कामाला आरंभ करतो. इंग्रजीत नमस्कारानंतर एक वाक्य अवश्य घालावे: ‘इज धिस अ गुड टाइम टु टॉक?’ किंवा ‘कुड यू स्पेअर मी टेन मिनिट्स?’ दहा मिनिटे मागितली तर दहाव्या मिनिटाला थांबावे. भ्रमणध्वनीवर रात्री अकरा वाजता नुसते ‘फ्री?’ असे एक अक्षर पाठविण्याची जी प्रथा तरुणांत पडली आहे, तिला कोणत्याच भाषेत सभ्य म्हणता येणार नाही. त्या एका शब्दाला उत्तर देणाऱ्याला काम कोणते, वेळ किती, यांपैकी काहीच कळत नाही. ‘हो’ म्हटले तर तो बांधला जातो, ‘नाही’ म्हटले तर त्याला कारण द्यावे लागते.

नकाराला जागा

या साऱ्या वाक्यांचे मर्म येथे आहे. चांगली विचारणा समोरच्याला संकोच न वाटता ‘नाही’ म्हणू देते. म्हणून विचारताना तीन गोष्टी सांगाव्यात: काम कोणते, वेळ किती लागेल, आणि न जमल्यास दुसरा दिवस कोणता. ‘इफ नॉट, एनी डे नेक्स्ट वीक वुड डू’ एवढी पुरवणी जोडली की विनंतीतील दडपण निघून जाते.

नकार देण्याचीही रीत आहे. ‘आय ॲम अफ्रेड आय ॲम नॉट फ्री ऑन ट्यूसडे, बट वेन्सडे वुड सूट मी.’ येथे ‘अफ्रेड’ म्हणजे भीती नव्हे, ती दिलगिरी आहे. आपल्याकडे स्पष्ट नकार देणे जड जाते; ‘पाहू’, ‘कळवितो’ असे म्हणून आपण सुटका करून घेतो. आपल्या माणसाला त्याचा अर्थ कळतो. परका मनुष्य मात्र ‘आय विल लेट यू नो’ हे वचन समजून वाट पाहत राहतो. आणि तिसऱ्या आठवड्यात आपल्या पेढीविषयी त्याचे मत बनते ते मालावरून नव्हे, न आलेल्या उत्तरावरून. हुंडी सिकारण्यात ज्यांच्या पूर्वजांनी शब्द राखला, त्यांना हे अधिक सांगावयास नको.

आपली मुले आणि मुली आज नागपूर, पुणे, बंगळूर येथे आणि परदेशांतही नोकरी-व्यवसाय करीत आहेत. त्यांना इंग्रजी आपल्यापेक्षा चांगली येते. तरीही वरिष्ठाची वेळ मागताना ती अडखळतात, कारण शाळेत व्याकरण शिकविले जाते, अदब शिकविली जात नाही. ती त्यांच्या कानावर घरीच पडली पाहिजे. आजोबांकडे जाताना ‘जरा बोलायचं होतं’ म्हणणारे मूल पुढे कोणत्याही भाषेत वेळ मागू शकेल. व्यापारीबंधूंनी वरील वाक्यांपैकी चार-पाच वाक्ये पेढीच्या टेबलाजवळ लिहून ठेवावीत, प्रसंग येईल तशी ती वापरावीत, आणि जो कोणी आपली वेळ अशा रीतीने मागेल त्याला त्याच दिवशी, होकार असो वा नकार, स्पष्ट उत्तर द्यावे, एवढीच विनंती.