बॅटरी कुणाच्या अंगावर?

माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा प्रजासत्ताकाच्या ७५ वर्षांनंतरही माथेरानात चालू होती. कर्जत तालुक्यातल्या या डोंगरावर दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना मज्जाव. म्हणून हातरिक्षा एकाने ओढायची आणि दोघांनी मागून रेटायची. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणण्यास सांगितले. फार उशिरा, पण योग्यच झाले.

आता प्रश्न पैशांचा. विजेच्या वाहनाचा रोजचा खर्च किरकोळ असतो. खरा खर्च बॅटरीत दडून बसतो आणि काही वर्षांनी एकदम समोर उभा राहतो. लिथियमची बॅटरी एका दिवसात मरत नाही. दर चार्जिंगला, दर उन्हाळ्याला तिची ताकद थोडी उतरते. चढावर, भरल्या रिक्षेत ती अधिक उपसली जाते. मग दिवसाच्या खेपा कमी होऊ लागतात. स्वस्त शिशाची बॅटरी तर वर्ष-दीड वर्षातच बदलावी लागते. हातरिक्षेचे वाकलेले चाक लोहार सरळ करून देई. बॅटरीला तो इलाज नाही.

म्हणूनच न्यायालयाने गुजरातेतील केवडियाचा दाखला दिला, तो महत्त्वाचा. तिथे ई-रिक्षा स्थानिक महिलांना भाड्याने दिल्या जातात. सरकारने रिक्षा घ्याव्यात आणि ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, ही कल्पना बरी. मात्र भाडेकरारात बॅटरी कुणी बदलायची हे लिहिलेले हवे. नाहीतर रिक्षा सरकारची आणि कर्ज गरिबाचे, असे व्हायचे!

डोंगराखाली कर्जत-खोपोलीत जुनी विजेची मोटार घेणाऱ्यापुढेही हाच प्रश्न आहे, आणि त्याच्या पाठीशी न्यायालय नाही. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी आधी जे भरेल तिथवर हमी होती. म्हणजे २०२८ पासून त्या गाड्या हमीबाहेर जाणार. २०२४ मधल्या जागतिक सरासरी दराने, युनिटमागे ११५ डॉलर, तिची ३०.२ युनिटांची बॅटरी तीन लाखांच्या घरात जाते. ग्राहकाच्या हाती पडणारे बिल त्याहून चढेच. तेव्हा गाडीच्या रंगाकडे पाहण्याआधी कंपनीच्या केंद्रातून बॅटरीच्या प्रकृतीचा लेखी अहवाल मागावा. मग खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळ्यापर्यंत न्यावी आणि टक्के किती उतरले ते पाहावे. उतरताना थोडी वीज बॅटरीत परत भरते, म्हणून आकडा चढावरचाच धरावा.