टिळकांचा राग

एनस्खेडेच्या आउडे मार्क्टवर कॉफी पिताना समोरचं चर्च बघून तुम्हालाही प्रश्न पडला असेल: ख्रिस्ती धर्मात 'चांगला पुरुष' नेमका कोण?

बायबलमधल्या 'इफिसकरांस पत्र' यात पतीला पत्नीचं मस्तक म्हटलंय. बरेच जण इथेच थांबतात. पण पुढे पतीला सांगितलंय, की ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला अर्पण केलं, तसं प्रेम कर. म्हणजे अधिकार मागायचा नाही, स्वतःचं द्यायचं.

हे जमतं का? आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही त्यांनी आपलं सोवळंओवळं सोडलं नाही, आणि टिळकांनी बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. १९०० मध्ये लक्ष्मीबाई स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या.

मग टिळक आदर्श होते? 'स्मृतिचित्रे' वाचा. त्यांचा तापटपणा, लहरीपणा लक्ष्मीबाईंनी लपवलेला नाही, आणि त्यांचं प्रेमही. मला वाटतं, चारित्र्याचा खरा दाखला व्यासपीठावर नाही, घरात मिळतो. तुमच्याबद्दल घरचं माणूस काय लिहील?