अंश, छेद आणि साथ

महाराष्ट्रात कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. दुबईहून परतलेले ते एक दांपत्य होते. त्यानंतरची दोन वर्षे राज्यात संध्याकाळ झाली की आरोग्य विभागाच्या आकड्यांची वाट पाहिली जाई. आज किती वाढले, किती बरे झाले, किती गेले, आणि २०२१ पासून त्यात भर पडली ती किती जणांनी लस घेतली याची. शाळेच्या गणितात टक्केवारी काढताना वर अंश असतो आणि खाली छेद. साथीच्या काळातली बहुतेक चर्चा अंशावर झाली. खाली काय आहे, म्हणजे किती तपासले, कुणाला तपासले आणि कशाने तपासले, हे क्वचितच विचारले गेले. या काळातले बरेचसे वाद मात्र त्या खालच्या आकड्यातच दडलेले होते.

सुरुवातीला छेद लहानच होता. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, मुंबईचे कस्तुरबा रुग्णालय अशा मोजक्या ठिकाणी स्वॅब तपासले जात. चाचणीही परदेशातून आलेल्यांची आणि त्यांच्या संपर्कातल्या लक्षणे असलेल्यांचीच होई. जे शोधलेच जात नव्हते ते सापडणार कसे? मार्चअखेर पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या आरटी-पीसीआर किटला मान्यता मिळाली आणि प्रयोगशाळा वाढत गेल्या. तेव्हा खासगी चाचणीची कमाल किंमत ४,५०० रुपये होती. वर्षभरात राज्य सरकारने ती टप्प्याटप्प्याने ५०० रुपयांवर आणली. रुग्णसंख्येचे आलेख काढणाऱ्यांनी या उतरत्या किमतीचा आलेख शेजारी ठेवला असता, तर रुग्णवाढीचा काही भाग चाचण्या आवाक्यात आल्यामुळे होता हे दिसले असते.

जून २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने रॅपिड अँटिजेन चाचणीला परवानगी दिली. अर्ध्या तासात निकाल मिळे, यंत्र लागत नसे, खर्चही कमी येई. परिषदेने करून घेतलेल्या दोन स्वतंत्र पडताळण्यांत या चाचणीची बाधित ओळखण्याची क्षमता ५०.६ ते ८४ टक्के भरली. चाचणी पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवावा, निगेटिव्ह आली आणि लक्षणे असली तर पुन्हा आरटी-पीसीआर करावी, असा नियम होता. प्रत्यक्षात ही दुसरी चाचणी अनेकदा राहूनच जाई. त्यामुळे दोन राज्यांच्या चाचण्यांची संख्या सारखी असली तरी त्यांचा अर्थ सारखा नव्हता. एकाकडे बहुतांश आरटी-पीसीआर, दुसऱ्याकडे बहुतांश अँटिजेन, आणि वाहिन्यांवर दोघांची तुलना मात्र एकाच तक्त्यात.

आरटी-पीसीआरच्या अहवालातही एक आकडा असे, सीटी व्हॅल्यू. विषाणूचा अंश दिसू लागण्याआधी यंत्राला किती आवर्तने करावी लागली, ते हा आकडा सांगतो. आकडा लहान म्हणजे नमुन्यात विषाणू जास्त. हळूहळू घराघरांत ‘तुझा सीटी किती?’ हा प्रश्न रक्तदाबासारखा विचारला जाऊ लागला आणि त्याच्या जोडीला छातीच्या एचआरसीटीचा स्कोअर आला. स्वॅब नीट घेतला नसेल तरी सीटी वर जातो, हे त्या गप्पांत बसत नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा ३५ वरून २४ वर आणता येईल का, अशी विचारणा केली. परिषदेने नकार दिला, कारण मर्यादा खाली आणली असती तर बरेच संसर्गजन्य रुग्ण निगेटिव्ह ठरून घरी गेले असते.

पहिल्या वर्षात आकड्यांवरचा विश्वास दोनदा हलला. १६ जून २०२० रोजी राज्याने आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी नोंदीत घेतले. त्यांपैकी ८६२ एकट्या मुंबईतले होते. विरोधकांना ती लपवाछपवी वाटली, तर सरकारने ताळमेळ असा शब्द वापरला. तो शब्द नंतर नेहमीचाच झाला आणि जून २०२१ मध्ये याच शब्दाखाली हजारो जुने मृत्यू जोडले गेले. दुसरा धक्का रक्तातल्या प्रतिपिंडांच्या सर्वेक्षणाने दिला. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केलेल्या पाहणीत झोपडपट्ट्यांतल्या ५७ टक्के आणि इतर वस्त्यांतल्या १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. म्हणजे रोजच्या पत्रकातली रुग्णसंख्या ही खऱ्या संसर्गाची किरकोळ पावती होती. पुण्यातल्या पाच प्रभागांच्या पाहणीतही निम्म्याहून थोड्या जास्त लोकांत प्रतिपिंडे मिळाली.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या सीरम इन्स्टिट्यूटमधून नारळ फोडून लसीचे ट्रक निघाले ते १२ जानेवारीला. तिथे बनणाऱ्या कोव्हिशील्ड लसीच्या एका कुपीत दहा मात्रा असत. कुपी दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची आणि उघडली की चार तासांत संपवायची. म्हणून पहिल्या आठवड्यांत केंद्रावर वेगळेच दृश्य दिसे: सहा जण येऊन बसलेले, परिचारिका कुपी हातात घेऊन दाराकडे बघते आहे, आणि आशाताई फोनवर आणखी चौघांना बोलावत आहेत. चौघे आले नाहीत तर एकतर सहा जणांना परत पाठवायचे किंवा चार मात्रा वाया घालवायच्या. पुढे राज्याराज्यांत भांडणाचा विषय झालेली ‘लस वाया जाण्याची टक्केवारी’ ही अशा साध्या अडचणीतून तयार होत होती. त्या दिवसांत तुटवडा नव्हता, संकोच होता. कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लसीला तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती येण्याआधी, ‘वैद्यकीय चाचणीच्या स्वरूपात’ वापरायची परवानगी मिळाली होती आणि डॉक्टरांतही त्यावर कुजबुज होती. मार्चमध्ये अंतरिम निष्कर्ष आल्यावर ती बरीच शमली.

याच सुमारास विदर्भात साथ पुन्हा उसळली. अमरावती, यवतमाळ, अकोला या जिल्ह्यांत फेब्रुवारीत रुग्ण वाढले आणि अमरावती व अचलपूर शहरांत २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी लागली. विषाणूने रूप बदलले का, हा प्रश्न स्थानिक डॉक्टरांनी तेव्हाच विचारला होता. केंद्राचे उत्तर होते की तसा थेट संबंध दिसत नाही. हे उत्तर खोटे नव्हते, पण ज्या नमुन्यांवर ते बेतले होते ते फार थोडे होते. जनुकीय क्रमनिर्धारणासाठी ‘इन्साकॉग’ हा प्रयोगशाळांचा गट डिसेंबर २०२० मध्ये स्थापन झाला. बाधितांपैकी पाच टक्क्यांचे नमुने तपासायचे ठरले आणि प्रत्यक्षात तपासणी एक टक्क्याच्याही खाली राहिली. २४ मार्च २०२१ रोजी केंद्राने सांगितले की १०,७८७ नमुन्यांपैकी ७७१ मध्ये चिंताजनक प्रकार आढळले, आणि महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू व एल४५२आर ही दोन उत्परिवर्तने एकत्र दिसली. देशातले एकूण रुग्ण तेव्हा १ कोटी १७ लाखांच्या घरात होते.

वृत्तपत्रांनी ‘डबल म्युटंट’ हा शब्द उचलला. शास्त्रीयदृष्ट्या तो भोंगळच होता, कारण त्या विषाणूत दोनाहून बरीच जास्त उत्परिवर्तने होती. बी.१.६१७ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वंशाचे नमुने महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२० मध्येच मिळाले होते. परदेशी माध्यमे त्याला भारतीय प्रकार म्हणू लागली तेव्हा केंद्राने आक्षेप घेतला आणि ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरे वापरायचे ठरवले. बी.१.६१७.२ चा डेल्टा झाला. तोवर राज्यातली लाट शिखर गाठून उतरली होती. १८ एप्रिलला एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले होते.

लाट आणि लसीचा तुटवडा एकत्रच आले. सात एप्रिलला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्याकडे जेमतेम तीन दिवसांचा साठा उरल्याचे सांगितले. केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी ते फेटाळून राज्याच्या कामगिरीवरच बोट ठेवले. एक मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. त्यांतल्या ४५ वर्षांखालच्यांसाठी राज्यांनी स्वतः लस विकत घ्यायची होती. महाराष्ट्रात त्या वयोगटातले सुमारे ५ कोटी ७१ लाख लोक धरून १२ कोटी मात्रांचा हिशेब झाला आणि सगळी रक्कम एकाच धनादेशाने देण्याची तयारी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केली. पैसा होता, पण लसच नव्हती. बारा दिवसांत या गटाचे लसीकरण थांबवून उपलब्ध मात्रा ४५ वर्षांवरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवाव्या लागल्या. सात जूनला पंतप्रधानांनी खरेदी पुन्हा केंद्राकडे घेतल्याची घोषणा केली.

मे महिन्यातल्या त्या थोड्या दिवसांत लसनोंदणीच्या कोविन पोर्टलवर स्लॉट उघडायची वेळ पाठ असणारी पिढी तयार झाली. पिनकोड टाकून ठेवायचा, ओटीपीची वाट पाहायची, आणि हिरवा चौकोन दिसेपर्यंत तो लाल झालेला. पुणे-मुंबईतली तरुण मुले मिळेल त्या ग्रामीण केंद्राची वेळ घेऊन गाड्या काढून तिथे पोचत. गावातली माणसे बाहेर उभी राहून ‘आमच्या गावची लस आम्हालाच का नाही’ म्हणत. नियमाने दोन्ही बाजू बरोबर होत्या. चूक होती ती नोंदणी फक्त ऑनलाइन ठेवण्याची, आणि ती अट नंतर सैल करण्यात आली.

दोन डोसांतल्या अंतराचा वाद अधिक गुंतागुंतीचा होता. कोव्हिशील्डसाठी ते आधी चार ते सहा आठवडे होते, मार्चमध्ये सहा ते आठ झाले आणि १३ मे रोजी बारा ते सोळा. अंतर वाढवले तर प्रतिकारशक्ती चांगली येते, याला ब्रिटनमधल्या निरीक्षणांचा आधार होता. मात्र ब्रिटनने दुसऱ्याच दिवशी डेल्टामुळे पन्नाशीपुढच्यांसाठी अंतर बाराऐवजी आठ आठवडे केले. आठवडाभरात तिथल्या आरोग्य यंत्रणेने सांगितले की डेल्टाच्या लक्षणांपासून एका डोसचे संरक्षण सुमारे ३३ टक्के आहे. भारताच्या तांत्रिक सल्लागार गटातल्या काही सदस्यांनीही जूनमध्ये सांगितले की आठ ते बारा आठवड्यांवर सहमती होती, सोळांवर नव्हे. निर्णय विज्ञानाने झाला की टंचाईने, हा प्रश्न त्यामुळे लोकांच्या मनातून गेला नाही. कदाचित दोन्हींमुळे झाला असेल, पण तसे मोकळेपणाने सांगितले असते तर संशय कमी झाला असता. ‘चौऱ्याऐंशी दिवस झाले का?’ हा मात्र त्या वर्षीचा नेहमीचा प्रश्न होऊन बसला.

चाचणी, लस आणि व्हेरियंट हे तिन्ही धागे जून २०२१ मध्ये एकाच शासन आदेशात गुंफले गेले. सात जूनपासून राज्याने जिल्ह्यांचे पाच स्तर केले. बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणि प्राणवायूच्या खाटा पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळे खुले. आता छेदाला बाजारभाव आला. लक्षणे नसलेल्यांच्या अँटिजेन चाचण्या वाढवल्या की टक्का आपोआप उतरतो आणि दुकानांची वेळ वाढते. एकवीस जूनला टोपे यांनी ७,५०० नमुन्यांत डेल्टा प्लस या डेल्टाच्या उपप्रकाराचे २१ रुग्ण सापडल्याचे सांगितले. त्यांतले नऊ रत्नागिरीतले, सात जळगावातले. चार दिवसांनी आदेश बदलला. कुठलाही जिल्हा तिसऱ्याहून सैल स्तरात जाणार नाही आणि टक्केवारी फक्त आरटी-पीसीआरवरून काढली जाईल, असे ठरले. व्यापारी संघटना चिडल्या, पण छेद कशाचा धरायचा हे सरकारने लेखी ठरवून दिले ते या आदेशात. डेल्टा प्लस पुढे फारसा पसरला नाही.

पावसाळ्यानंतर लस मुबलक झाली आणि चर्चा टक्केवारीवर आली. १५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच खुली झाली. पाससाठी प्रमाणपत्र दाखवायला रांगा लागल्या आणि लस घेण्याचे याहून मोठे कारण मुंबईकराला देता आले नसते. औरंगाबादच्या जिल्हा प्रशासनाने नोव्हेंबरमध्ये पेट्रोल, गॅस आणि रेशनसाठी लसीचा दाखला मागितला. नंदुरबारमध्ये नर्मदाकाठच्या गावांत लस बोटीने गेली. नोव्हेंबरच्या मध्यावर मुंबईने पहिल्या डोसचे ९२ लाख ३६ हजार ५०० चे उद्दिष्ट गाठले, म्हणजे शंभर टक्के. त्यात ठाणे, वसई, नवी मुंबईहून येऊन शहरात डोस घेतलेले लोकही होते. जानेवारीत महापालिका आयुक्तांनी सांगितले की प्राणवायूवर असलेल्यांपैकी ९६ टक्के रुग्णांनी एकही डोस घेतलेला नाही. शंभर टक्के लस घेतलेल्या शहरात हे रुग्ण आले कुठून, याचे निम्मे उत्तर त्या छेदातच होते.

ओमायक्रॉन या नव्या प्रकाराचा राज्यातला पहिला रुग्ण ४ डिसेंबर २०२१ रोजी कल्याण-डोंबिवलीत नोंदला गेला. ७ जानेवारीला मुंबईत २०,९७१ रुग्ण आढळले, दुसऱ्या लाटेतल्या ११,१६३ च्या शिखराच्या जवळपास दुप्पट. खाटा मात्र बहुतांश रिकाम्या होत्या. क्रमनिर्धारणासाठी कस्तुरबामध्ये ऑगस्टपासून एका फेरीत ३८४ नमुने तपासणारे यंत्र होते, पण निकाल येईपर्यंत रुग्ण बरा होऊन कामावर गेलेला असे. त्यातच औषधाच्या दुकानात २५० रुपयांना घरगुती किट मिळू लागले. घरी पॉझिटिव्ह आलेले बरेच जण नोंद न करताच चार दिवस पडून राहिले. पालिकेने दुकानदारांना किटविक्रीची नोंद ठेवायला सांगितले, पण त्यातून किट किती खपले एवढेच कळले. आता अंशही हरवला होता आणि छेदही. गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ रोजी, राज्यातले सगळे निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला.

मृत्यूंचा हिशेब त्यानंतरही चालू राहिला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या वर्षांतल्या भारतातल्या अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला. अधिकृत नोंद ४ लाख ८१ हजारांची होती. केंद्राने हा अंदाज आणि त्यामागचे प्रारूप दोन्ही नाकारले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मृतांच्या नातलगांना ५०,००० रुपये मिळायचे होते, आणि महाराष्ट्रात जानेवारी २०२२ पर्यंत त्यासाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले. राज्याच्या नोंदीत तेव्हा सुमारे १ लाख ४१ हजार मृत्यू होते. काही अर्ज दुबार होते, काही फेटाळले गेले. काही मृत्यू चाचणीनंतर तीस दिवसांच्या आत झालेले असल्याने न्यायालयाच्या निकषात बसत होते, जरी दाखल्यावर दुसरे कारण लिहिलेले होते. अर्जासोबत पॉझिटिव्ह अहवाल किंवा रुग्णालयाने केलेले निदान जोडावे लागे. एप्रिल २०२१ मध्ये खाट न मिळता, चाचणीची पाळी येण्याआधी घरीच गेलेल्या माणसाच्या घरच्यांकडे यांतला एकही कागद नसे. त्यांच्यासाठी जिल्ह्याची तक्रार निवारण समिती होती.